डायोड इकडे, कपॅसिटर तिकडे

डायोडच्या एका टोकाला चंदेरी कडं असतं, जेमतेम मिलिमीटरभर रुंद. बाकीचं अंग काळं, गुळगुळीत, गव्हाच्या दाण्याहून किंचित मोठं. वीज कडं नसलेल्या टोकातून आत शिरते आणि कड्याच्या टोकातून बाहेर पडते. उलट्या बाजूनं आली तर डायोड तिला दारातच अडवतो. त्याचं सगळं शहाणपण एवढंच, आणि ते कड्याकडे बघून कळतं.

आमच्या दुकानात डायोड बाबांचे आहेत.

कपॅसिटर काकाचे. मोठे कपॅसिटर दिसायला छोट्या उभ्या डब्यांसारखे. अंगावर वरपासून खालपर्यंत एक फिकट पट्टा असतो. तो ज्या पायाच्या बाजूला, तो पाय वजा. कपॅसिटरचा स्वभाव वेगळा. तो वीज साठवून ठेवतो आणि पुढे कमी पडायला लागली की देऊन टाकतो.

आम्ही ॲम्प्लिफायर, रेडिओ, स्पीकर असली आवाजाची यंत्रं दुरुस्त करतो. दुरुस्तीच्या लांब टेबलावर मधोमध पिवळी टेप चिकटवलेली आहे. टेपच्या अलीकडे बाबा, पलीकडे काका. यंत्रही तसंच वाटून घेतलेलं. प्लगपासून डायोडपर्यंत बाबांचं, कपॅसिटरपासून स्पीकरपर्यंत काकाचं. दोघं सख्खे भाऊ, एका घरात राहतात, एकत्र जेवतात, आणि मी शाळेत होते तेव्हापासून एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

झालं होतं एवढंच, की काकानं एका मोठ्या ॲम्प्लिफायरचा प्लग काढून तो टेबलावर ठेवला आणि चहा आणायला गेला. प्लग काढला की यंत्र निर्जीव झालं असं आपल्याला वाटतं. कपॅसिटरला तसं वाटत नाही. तो भरलेलाच बसून असतो. बाबांनी आत हात घातला आणि स्टुलासकट मागच्या कपाटावर जाऊन आदळले. धक्का मोठा नव्हता, बाबा लगेच उठले. पण काका हातात कप घेऊन दारात उभा होता, आणि तो हसला.

"तो रिकामा करून ठेवायचा असतो, एवढी अक्कल नाही तुला?" बाबा म्हणाले.

"हात घालायच्या आधी मीटर लावून बघायचा असतो, एवढी तुला नाही?" काका म्हणाला.

शास्त्राच्या दृष्टीनं दोन्ही वाक्यं बरोबर होती. त्यामुळेच माघार घ्यायला कोणालाच जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर टेप आली.

तेव्हापासून निरोप मी देते. दुकानात देते, जेवताना देते.

"बाळ, त्याला सांग, भाजीवर मीठ घ्यायच्या आधी चव बघावी माणसानं."

"मास्तरीणबाई, तुमच्या वडिलांना म्हणावं, माझ्या जिभेला मिठाचा पत्ता माहीत आहे."

दोघांनी एकमेकांचं वाक्य ऐकलेलं असतं. मधे अंतर भाजीच्या भांड्याएवढं. तरीही मी ते पुन्हा म्हणेपर्यंत समोरून उत्तर येत नाही. मी ते जसंच्या तसं म्हणतही नाही. "त्या गाढवाला विचार" चं मी "काका, बाबा विचारतायत" करते. काकाचं "म्हाताऱ्याला दिसत नाही का" हे माझ्याकडून "बाबा, एकदा नजर टाकता का" होऊन निघतं. भौतिकशास्त्राची पदवी घेताना मला हे कोणी शिकवलं नाही, पण आजवर त्याच कामात माझा हात सगळ्यात साफ आहे.

सुट्या भागांच्या बाजारात बाबांना 'डायोड' म्हणतात आणि काकाला 'कपॅसिटर'. बाबांच्या तोंडून शब्द बाहेर पडतो, बाहेरचा आत शिरत नाही. काका महिनोन्महिने सगळं गिळून बसतो आणि मग एखाद्या दिवशी एका चमच्यावरून सगळं एकदम ओततो. नावं चांगली आहेत, पण पूर्ण खरी नाहीत. डायोडवर उलट्या बाजूनं पुरेसा दाब आला तर तोही शरण जातो. तो दाब किती, हे प्रत्येक डायोडच्या कागदपत्रात छापलेलं असतं. बाबांचा आकडा अजून कोणी मोजलेला नाही.

एवढं सगळं सांगायचं कारण म्हणजे मला नोकरी मिळाली होती. दुसऱ्या शहरात, रात्रभराच्या प्रवासावर, एका तंत्रविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळायची आणि शिकवायचं. मला ती इतकी हवी होती की मुलाखतीहून परत येताना मी गाडीत बसून पहिल्या तासाला काय शिकवायचं ते ठरवून टाकलं होतं. विभागप्रमुख बाईंचा फोन आला तेव्हा मी "कळवते" म्हणाले. दुसऱ्यांदा आला तेव्हा "घरी बोलते" म्हणाले. तिसऱ्यांदा त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या पाचपर्यंत हो किंवा नाही सांगा. नाहीतर मला दुसऱ्या उमेदवाराला बोलवावं लागेल."

घरी फक्त आईला माहीत होतं.

"कधी सांगणार आहेस त्यांना?" आईनं विचारलं. ती ओट्यापाशी भांडी पुसत होती.

"मी गेले तर दुकान बंद पडेल गं. डायोड लावल्यावर पुढचा निरोप कोण देणार?"

"बंद पडलं तर पडेल."

"आई!"

"बरं, नाही पडणार. तू शास्त्र शिकलीस ना? मग अंदाज काय करत बसतेस? उद्या दुपारी दुकानात जाऊच नकोस. बघ काय होतं ते."

सूचना योग्य होती. मला ती स्वतःला सुचली नाही याचं थोडं वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी बस डेपोत घोषणा करणाऱ्या बाई दुकानात आल्या. मागे हमालाच्या खांद्यावर डेपोचा जुना ॲम्प्लिफायर. या बाई साध्या बोलण्यातही घोषणाच करतात. आत आल्या, थांबल्या, घसा साफ केला.

"कृपया लक्ष द्या," त्या म्हणाल्या. दुकानात आम्ही तिघंच होतो. "डेपोचं यंत्र गुणगुणतं आहे."

"गुणगुणतं म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"म्हणजे मी म्हणते सात नंबरची गाडी फलाट तीनवर, आणि मागे सारखं घूंऽऽ. लोकांना वाटतं गाडी आलीच. काल एक आजोबा रिकाम्या फलाटावर हात दाखवून उभे होते. मला बघवेना." त्यांचा आवाज बसला होता. "आज दिवसभर नुसत्या गळ्यानं ओरडले. तो चहावाला म्हणतो, बाई, तुम्हाला यंत्राची गरजच नाही. मेला! उद्या संध्याकाळच्या गाड्यांच्या आत करून द्याल का?"

काकानं झाकण उघडलं. कपॅसिटरचं डोकं फुगलं होतं. बाबांनी वाकून पाहिलं. एक डायोड जळाला होता, आणि एक गेला की बाबा चारही बदलतात. म्हणजे काम दोघांचंही होतं.

"होईल," दोघं माझ्याकडे बघून म्हणाले.

घूं कुठून येतं ते सांगायला हवं. भिंतीतून येणारी वीज सतत पुढेमागे करते. चार डायोड मिळून तिला एकाच दिशेला वळवतात, पण ती सलग येत नाही, उचक्यांनी येते. कपॅसिटर प्रत्येक उचकीला भरतो, मधल्या खाचेत साठवलेलं देतो, आणि पुढे जाते ती वीज जवळजवळ सपाट असते. कपॅसिटर सुकला की त्या उचक्या थेट स्पीकरपर्यंत पोचतात. बाईंनी सांगितलेल्या आजोबांना ऐकू आलेली गाडी ती हीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाबांना सांगितलं की मला वाचनालयात काम आहे. बाबांनी मान वर केली.

"किती वेळ?"

"चारपर्यंत येते."

"आणि याला काही सांगायचं झालं तर?"

"तुम्ही सांगा ना."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना छपरावरून उडी मारायला सांगितली होती.

वाचनालयात मी एक जाडजूड पुस्तक उघडून बसले. एकच पान वाचत राहिले. पानावर कशाचा तरी आलेख होता, तो कशाचा हे आता आठवत नाही. सारखं वाटत होतं, आता जावं. मग आईचा चेहरा आठवे आणि मी पुन्हा खुर्चीत बसे.

चारला मी दुकानाच्या दारात पोचले. घोषणावाल्या बाई आधीच आत उभ्या होत्या, हातात पर्स घट्ट धरून. काका टेपच्या पलीकडे, यंत्राच्या बटणावर बोट ठेवून. बाबा अलीकडे, छताकडे बघत. दोघांच्या चेहऱ्यावर एक विचित्र समाधान होतं. मोठ्या मनानं काहीतरी केलेल्या आणि ते कोणालाही न सांगितलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर असतं तसं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. दुरुस्त केलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू करताना त्याच्या वाटेत एक जुना तारेचा बल्ब जोडायचा. आत काही चुकलं असेल तर बल्ब लख्ख पेटतो, सगळा भार स्वतःवर घेतो आणि यंत्र वाचतं. तो बल्ब बाबांच्या बाजूच्या खिळ्याला टांगलेला असतो. रोज मी तो काढून काकाला देते. काकानं एकदा बल्बकडे पाहिलं. बाबांनी छत आणखी बारकाईनं पाहिलं.

"काका, बल्ब..." मी म्हणाले.

काकानं बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. काकानं मीटरकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. ट्रान्सफॉर्मर कण्हायला लागला.

"गुणगुण गेली वाटतं," बाई खूश होऊन म्हणाल्या.

मग आधणाच्या किटलीतून येते तशी बारीक शीळ ऐकू आली. मग धडाम झालं.

कोणाला काही लागलं नाही, हे आधी सांगते. कपॅसिटरचं टोपण छताला लागून कपाटामागे गेलं. त्याच्या पोटातला कागद, चंदेरी वर्ख आणि ओलसर चोथा काही क्षण वरच राहिला आणि मग सगळ्या दुकानात सावकाश उतरला. थोडा बाबांच्या चहात, बराचसा बाईंच्या केसांत. शिळ्या माशासारखा वास सुटला. मी धावत जाऊन प्लग ओढला.

"दादा!" काका ओरडला.

हा शब्द त्या दुकानात मी मोठी झाल्यापासून कोणी उच्चारला नव्हता. काकालाही ते कळलं असावं, कारण पुढचं वाक्य यायला त्याला थोडा वेळ लागला. बाबांना अजिबात लागला नाही.

"काय दादा? कपॅसिटर कोणाचा? उलटा बसवलास की काय?"

"उलटाच बसवणार! तुझे डायोड उलटे होते!"

"नव्हते!"

"मी मोजलंय! मीटरचा काटा शून्याच्या मागे जाऊन आपटला! एखादा उलटा असला तर म्हणता येतं, चूक झाली. चारच्या चार उलटे म्हणजे ते माणसाचं मत झालं!"

बाबा कपाकडे वळले. चहातला वर्ख बोटानं बाजूला करायला लागले.

"होते," ते म्हणाले. "दुपारी होते उलटे. मग मी सरळ केले."

"कधी?"

"तू चहाला गेलास तेव्हा."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुला डायोड उलटे दिसले तेव्हा तू मला सांगितलंस?"

मी तोवर भिंतीला टेकून उभी होते. दोघांच्या बोलण्यातून काय घडलं असेल ते जुळत गेलं. चारही डायोड उलटे बसले की वीज थांबत नाही, फक्त अधिकच्या जागी उणे आणि उणेच्या जागी अधिक येतं. काकाला ते मोजल्यावर कळलं. सांगायला मी नव्हते, डायोडला हात लावणं म्हणजे टेप ओलांडणं. म्हणून त्यानं उदार मनानं आपला कपॅसिटर उलटा बसवला, भावाच्या चुकीशी जुळेल असा, आणि चहाला गेला. तेवढ्यात बाबांना स्वतःची चूक दिसली. कबूल करायला नको म्हणून त्यांनी गुपचूप चारही डायोड काढून सरळ लावले. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं होतं. कपॅसिटर तेवढा मधे सापडला. पोटातून उलटी वीज गेलेली त्याला सोसत नाही.

"पण तू चारही उलटे लावलेसच कसे?" काकानं विचारलं. आता तो खरंच कुतूहलानं विचारत होता. "डोळे मिटून लावलेस तरी तुझे चुकत नाहीत."

"सर्किटचा बोर्ड फिरवला होता," बाबा पुटपुटले.

"का?"

"लांब आहे तो. त्याचा कोपरा तुझ्या बाजूला जात होता. म्हणून उलटा धरला, आणि हात सवयीनं चालला."

"किती जात होता कोपरा?"

"चार बोटं."

"मग जाऊ द्यायचा!"

"कसा जाऊ द्यायचा? टेप कोणी लावली?"

"तू लावलीस! मी फक्त मोजून दिली!"

"बरोबर मधोमध पाहिजे म्हणून दोनदा मोजलीस!"

"आणि सरळ करताना समोर माझा कपॅसिटर दिसला नाही तुला? एवढा डबा? पट्टा उलट्या बाजूला?"

"मी तुझ्या कामाकडे बघत नाही."

"तो तुझ्या नाकासमोर होता, दादा!"

"म्हणून तर मान वळवून काम केलं," बाबा म्हणाले. "अजून अवघडली आहे."

घोषणावाल्या बाईंनी केसातला वर्ख झटकला आणि घसा साफ केला.

"कृपया लक्ष द्या. सहाची गाडी..."

"बाई, थांबा जरा!" दोघं एका आवाजात म्हणाले.

बाई थांबल्या. त्यांना थांबवणारं माणूस बहुधा त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि शक्य तेवढ्या हळू आवाजात, म्हणजे समोरच्या दुकानात जेमतेम ऐकू जाईल इतक्या, म्हणाल्या, "हे दोघे नेहमीच असे भांडतात का हो?"

"नाही," मी म्हणाले. "आजच."

काका नवा कपॅसिटर शोधायला लागला. बाबा उठून त्याच्या खणात डोकावले. डोकावताना त्यांचं कोपर टेपच्या पलीकडे गेलं, आणि ते तिकडेच राहिलं.

"तो नको. तो पन्नास व्होल्टचा आहे."

"पुरतो."

"पुरतो म्हणूनच फुटतो. त्रेसष्टचा घे."

"आजचा त्यामुळे नाही फुटला!"

"मी आजचं नाही म्हणत. तुझ्या एकंदर कारभाराचं म्हणतोय. आणि तो पट्टा नीट बघून लाव."

"डायोड आता आहेत तसेच राहणार आहेत ना? की मी वळलो की पुन्हा हलवणार आहेस?"

"मोज की. मीटर आहे ना हातात?"

काकानं मोजलं. मग मीटर बाबांपुढे धरला. बाबांनी चष्मा कपाळावर ढकलून आकडा वाचला आणि मीटर परत काकाकडे सरकवला, म्हणजे पटलं. काकानं त्रेसष्टचाच कपॅसिटर घेतला, पण कुरकुर करत. बाबांनी खिळ्यावरचा बल्ब काढला आणि स्वतः जोडून दिला. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर पिवळा झाला आणि मंदावत विझला. असंच व्हायला हवं असतं. बाईंनी माइक हातात घेतला आणि अख्ख्या दुकानाला फलाट तीनवर जायला सांगितलं. मागे घूं नव्हतं. त्या इतक्या खूश झाल्या की केसांतल्या उरलेल्या वर्खासकट, हमालाला बोलवायला बाहेर गेल्या.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस मिनिटं होती.

मी मनातल्या मनात दुपारच्या प्रयोगाचा निष्कर्ष काढायचा प्रयत्न करत होते. मी नसताना जोडलेलं यंत्र फुटलं, हे एक निरीक्षण. यंत्र फुटल्यावर दोघं माझ्या मध्यस्थीशिवाय बोलले, हे दुसरं. पहिल्यावरून वाटत होतं, राहावं. दुसऱ्यावरून वाटत होतं, इतकी वर्षं यांच्या मधे नक्की काय अडकून बसलं होतं, टेप की मी?

तेवढ्यात काकानं स्क्रू आवळता आवळता शीळ घालायला सुरुवात केली. बाबांना शीळ आवडत नाही. त्यांनी एकदा खाकरून पाहिलं. शीळ चालूच राहिली. आता बाबा त्याच्याकडे वळून "गप बस" म्हणतील असं मला वाटलं. ते वळले, पण माझ्याकडे.

"बाळ," ते म्हणाले, "त्याला सांग, दुकानात शीळ घालायची नसते."

काकाची शीळ थांबली. त्यानंही माझ्याकडे पाहिलं, स्क्रूड्रायव्हर हातात तसाच. मी ते वाक्य पुन्हा म्हणायची तो वाट बघत होता. थोड्या वेळापूर्वी ज्याच्या कानात ओरडत होते, त्याच्यापर्यंत पोचायला दोघांनाही परत मी हवी होते. आणि वाक्य माझ्या तोंडात तयारही होतं, मऊ करून, कडा घासून: काका, बाबांचं डोकं दुखतंय, जरा शीळ नको. एवढं म्हटलं असतं तर सगळं काल होतं तसं झालं असतं, आणि पाच वाजून गेले असते.

"नाही सांगणार, बाबा," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"तो तुमच्या समोर बसलाय. तुम्हीच सांगा."

"अगं, पण तू आहेस ना इथे," काका म्हणाला.

मी दोन्ही हात टेबलावर टेकवले.

"नसणार आहे, काका. बाबा, तुम्हीही ऐका. मला दुसऱ्या शहरात शिकवायची नोकरी मिळाली आहे, आणि मी ती घेतेय."